ऑइल कुठे जाते, ते आधी शोधा

शिरूरहून रोज पुण्याला ये-जा करणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या डिकीत एक वस्तू हमखास सापडते, अर्धी रिकामी झालेली इंजिन ऑइलची बाटली. गाडी सात-आठ वर्षांची, बहुधा सेकंडहँड घेतलेली. आठ-पंधरा दिवसांनी ऑइलची पट्टी काढून बघायची, पातळी उतरलेली दिसली की बाटलीतले ओतायचे आणि निघायचे. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘थोडं ऑइल खाते, बाकी गाडी एक नंबर.’

असे वर्षभर चालते. मग एक दिवस शिक्रापूरच्या कोंडीत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो, किंवा गॅरेजमध्ये कोणीतरी पाच मिनिटांत निकाल देते, ‘रिंगा गेल्या, इंजिनचं काम काढावं लागेल.’ बाटली ओतत राहणे हे एक टोक आणि थेट इंजिन खोलणे हे दुसरे. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते, कारण शोधण्याची. ती बहुतेक वेळा गाळली जाते. त्यात पैसा जातो, इंजिन जाते आणि जळलेल्या ऑइलचा धूर रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जातो. म्हणूनच हा विषय केवळ गॅरेजचा नाही.

वैद्यकात याच चुकीचे एक रोजचे उदाहरण आहे. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन आठवर आलेले असते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की आकडा चढू लागतो, थकवा कमी होतो, घरचे निश्चिंत होतात. पण रक्त कमी का झाले, हे कोणी विचारलेलेच नसते. ते मूळव्याधीतून जात असेल, जठरातल्या व्रणातून जात असेल, आतड्यातल्या जंतांमुळे जात असेल किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून थेंबथेंब झिरपत असेल. गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि मूळ आजाराला वाढायला वेळ मिळतो. पातळी भरून काढणे म्हणजे उपचार नव्हे. इंजिनाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

थेंबाचा हिशेब

इंजिनातील ऑइल जळण्यासाठी नसते. हलणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे आणि मळ धरून ठेवणे ही त्याची कामे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्याच्यावर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन प्रामुख्याने ज्वलनाचा दाब धरून ठेवतात, तर सर्वांत खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. भिंतीवर उरणारा अतिशय पातळ थर मात्र जळतो. त्यामुळे प्रत्येक इंजिन थोडेफार ऑइल खातेच. प्रश्न असतो तो किती खाते याचा.

हे प्रमाण समजून घेण्यासाठी एक सोपा हिशेब करता येतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे असे धरू. म्हणजे एका किलोमीटरला २,००० फेरे आणि १,००० किलोमीटरला २० लाख. सलाइनच्या नेहमीच्या नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. त्या मापाने एक लिटर म्हणजे २०,००० थेंब. याचा अर्थ, १,००० किलोमीटरला एक लिटर ऑइल खाणारे इंजिन शंभर फेऱ्यांमागे अवघा एक थेंब गमावते. एवढी गळती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. ती फक्त मोजून कळते.

काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. चांगल्या स्थितीतील बहुतेक इंजिने याहून पुष्कळ कमी ऑइल घेतात. त्यामुळे आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते, हे पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गेल्या वर्षीच्या मानाने खप वाढला आहे का, हे पाहावे. रक्तदाबाचा एकच आकडा जेवढे सांगतो, त्याहून अधिक सहा महिन्यांची नोंदवही सांगते.

आधी मोजमाप

मोजण्याची रीत अगदी साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि मग वाचावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्याहून जास्त नाही. किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहून ठेवावी. शिरूर ते पुणे हे अंतर साधारण ६५ ते ७० किलोमीटर आहे. रोज ये-जा करणाऱ्याचे १,००० किलोमीटर आठवडा-दीड आठवड्यात पुरे होतात. त्यानंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पट्टी पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत पोचायला किती ऑइल लागले, ते मापाच्या भांड्याने मोजावे. अंदाजे ओतू नये. असे दोन-तीनदा केले की खपाचा खरा आकडा हाती येतो.

डिझेल गाड्यांत एक फसवणूक होऊ शकते. काही वेळा न जळलेले डिझेल झिरपून ऑइलमध्ये मिसळते. मग पातळी उतरत नाही, उलट वाढल्यासारखी दिसते, पण आतले ऑइल पातळ झालेले असते. पातळी आपोआप वाढणे हेही दुखण्याचेच लक्षण आहे.

मोजमापानंतरचा प्रश्न असा, की ऑइल गळते आहे की जळते आहे? रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी डाग पडले आहेत का ते बघावे. वरच्या झाकणाचे गॅस्केट, ऑइल फिल्टरची बैठक, क्रँकचे सील, तळाचा नट या गळतीच्या नेहमीच्या जागा. काही गळती फक्त इंजिन गरम असताना आणि दाब असताना होते, त्यामुळे जमिनीवर डाग नसला तरी इंजिनाच्या अंगावर चिकटलेली ओली धूळ पाहावी. तिसरी शक्यता म्हणजे ऑइल कूलंटमध्ये जाणे. इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंटच्या टाकीत डोकवावे. त्यावर तेलकट तवंग असेल किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली ताकासारखा फेस फार असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरकडे संशय जातो. पावसाळ्यात आणि थंडीत फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत बाष्प साचूनही थोडा फेस दिसतो. एका खुणेवरून निदान करू नये, ते यासाठीच.

धूर काय सांगतो

गळती नसेल, तर ऑइल जळते आहे. मग धुराकडे बघावे. हे उघड्या जागीच करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर वास-रंग नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. थंडीतल्या सकाळी निघणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळत असते. निळसर धूर ऑइलचा असतो. तो येतो हे पुरेसे नाही. तो केव्हा येतो, हे विचारावे. खोकला दिवसा येतो की पहाटे, झोपल्यावर की जिना चढल्यावर, हे डॉक्टर विचारतात ते याच कारणासाठी.

रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना निळ्या धुराचा एकच लोट सोडला आणि नंतर धूर थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. डोक्यावरचे ऑइल रात्रभर त्या कडक झालेल्या रबरी सीलमधून थेंबथेंब खाली उतरलेले असते. पेट्रोल गाडी माळशेजसारखा लांब घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरली आणि पायथ्याशी पाय देताच मागे निळा ढग दिसला, तरी संशय तिथेच, कारण उतारावर सिलिंडरमध्ये पोकळी वाढते आणि ऑइल आत खेचले जाते. गाडीवर भार असताना, चढावर किंवा ओव्हरटेक करताना सतत निळा धूर असेल, तर रिंगा आणि सिलिंडर. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत ऑइल साचलेले सापडले, तर टर्बो तपासावा लागतो. आणि धूर मुळीच दिसत नसेल, तरी निर्धास्त होऊ नये. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर लपवतो.

स्वस्त तपासणी आधी

यानंतर क्रम लावावा तो स्वस्ताकडून महागाकडे. पहिला क्रमांक ब्रीदरचा. रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो वायू एका छोट्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडलेला असतो. हा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला की ऑइलचे तुषार थेट ज्वलनात खेचले जातात. तो चोंदला की आत दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर ढकलले जाते. हा भाग पुष्कळ गाड्यांत स्वस्त असतो आणि तो बदलायला इंजिन उतरवावे लागत नाही. तरीही तो न तपासता रिंगा बदलल्या जातात. मग मोठा खर्च करूनही गाडी ऑइल खातच राहते.

दुसरा क्रमांक स्पार्क प्लगचा. चारपैकी एकच प्लग ऑइलने काळाकुट्ट असेल, तर दुखणे त्या एका सिलिंडरपुरते आहे. चारही तसे असतील, तर सगळ्यांना लागू होणारे कारण शोधावे लागते. तिसरा क्रमांक कॉम्प्रेशन चाचणीचा. पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब चढला तर रिंगा सैल आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. दाब तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघायचे.

या चाचणीची मर्यादाही ठाऊक असायला हवी. ती दाब धरणाऱ्या रिंगांची परीक्षा घेते, ऑइल खरवडणाऱ्या रिंगेची नाही. खालची रिंग काजळीने जाम होऊन बसली असेल, तर दाब उत्तम येतो आणि ऑइल मात्र जळत राहते. व्हॉल्व्हची सीलेही या चाचणीत सापडत नाहीत. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दमा नाही असे ठरत नाही, तसेच हे. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहता येतात. हे सगळे झाल्यावर, आणि कारण खरोखरच आत आहे असे दिसल्यावर, इंजिन खोलण्याची वेळ येते.

धूळ आणि कोंडी

रिंगा झिजतात त्याला शिरूर-दौंड भागातील दोन गोष्टी हातभार लावतात. पहिली धूळ. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे तासन् तास फुफाटा उडतो. त्या धुळीत सिलिका असते. ती लोखंडाला घासून काढण्याइतकी कठीण असते. फाटलेला, नीट न बसलेला किंवा फटकून-फटकून पुन्हा वापरलेला एअर फिल्टर ही धूळ आत सोडतो. ती सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखे काम करते. दगडखाणीतल्या कामगाराच्या फुफ्फुसांना सिलिकाची धूळ जे करते ते पुन्हा भरून येत नाही, आणि इंजिनाचेही झिजलेले सिलिंडर भरून येत नाहीत.

दुसरी गोष्ट वाघोली-शिक्रापूरची कोंडी. कोंडीत इंजिन तास-तास चालते, पण किलोमीटर वाढत नाहीत. ऑइल बदलण्याचा हिशेब मात्र किलोमीटरवर चालतो. त्यामुळे कागदावर ताजे असलेले ऑइल प्रत्यक्षात थकलेले असते, त्याचा गाळ होतो आणि रिंगांच्या खाचा चोंदतात. अशा रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचे ऑइल आणि एअर फिल्टर पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून दिलेल्या मुदतीत बदलावे. हा खर्च रिंगांच्या कामापुढे किरकोळ आहे. चुकीच्या ग्रेडचे किंवा जास्त भरलेले ऑइल आणि एकदा जरी इंजिन खूप तापलेले असले, तर त्याचा इतिहास, हेही विचारायला हवे.

धूर कोणाच्या छातीत

पुणे परिसरातील आधीच्या पिढीला निळा धूर चांगला परिचयाचा आहे. दोन-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मुद्दाम मिसळावे लागे आणि ते जळणारच असे. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशा त्या स्कूटर रस्त्यावरून गेल्या. ऑइल खाणारी मोटार म्हणजे तोच धूर मागच्या दाराने परत येणे.

जळलेल्या ऑइलच्या धुरात अतिशय सूक्ष्म कण असतात. ते नाक-घशात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. त्यांच्यावर अर्धवट जळलेले, कर्करोगाशी संबंध असलेले हायड्रोकार्बन चिकटलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर आणि २०१३ मध्ये एकूणच बाहेरील हवेचे प्रदूषण माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. एका गाडीच्या धुराने अमक्याला अमुक आजार झाला, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी राहणारी व्हॅन निळा धूर सोडत असेल, तर दमा असलेल्या मुलाला त्याचा त्रास व्हायला आकडेवारीची वाट पाहावी लागत नाही.

पीयूसीचा कागद इथे कमी पडतो. त्या तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता बघतात. ऑइलचा खप कोणी विचारत नाही. सकाळी पहिल्या मिनिटाला धूर सोडणारी गाडी दुपारी गरम इंजिनावर सहज पास होते. दरम्यान ऑइलमधल्या जस्त आणि फॉस्फरसच्या संयुगांचा थर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत राहतो आणि तो निकामी होऊ लागतो. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी त्याच राखेने चोंदते. म्हणजे आज ऑइल जाळणारी गाडी उद्या बाकीचे प्रदूषणही जास्त करते.

गॅरेजमधील माणसाचाही विचार व्हायला हवा. वापरलेले ऑइल रोज उघड्या हातांना लागते, आणि हात धुतले जातात पेट्रोलने किंवा रॉकेलने. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, इसब होते आणि भेगांतून तेच ऑइल आणखी आत जाते. हातमोजे आणि साबण एवढे तरी मालकाने पुरवावे. काढलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवे. गटारात ओतलेले ऑइल शेवटी घोड नदीकडेच वाहते.

मोजण्याची सवय

हे सगळे शिरूर तालुक्याला परके नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी बनतात. तिथल्या कारखान्यात बनलेली १.३ लिटरची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांत बसली. याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलामुलींनी हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, मापे घ्यावीत, नोंदी ठेवाव्यात, हा त्यामागचा विचार. गाडीचे ऑइल कुठे जाते हे शोधणे हा त्या विचाराचा चांगला धडा ठरेल.

इंजिन खोलण्याआधी गॅरेजने चार ओळी लिहून द्याव्यात, असा आग्रह गाडीमालकाने धरायला हरकत नाही. १,००० किलोमीटरला किती ऑइल लागले, गळती तपासली का, ब्रीदर पाहिला का, प्लग आणि कॉम्प्रेशनचे काय निघाले. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येणार नाही. त्याचीच बाजू त्यातून भक्कम होते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ती आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगून सकाळी स्वतः सुरू करून पाहावी. गरम करून ठेवलेली गाडी बरेच काही लपवते. पीयूसी केंद्रांवर निळ्या धुराची साधी नोंद जरी सुरू झाली, तरी मालकाला वेळेवर सूचना मिळेल.

डिकीतली बाटली असू द्यावी. लाल दिवा लागण्यापेक्षा ऑइल ओतणे केव्हाही बरे. पण बाटलीला दोऱ्याने एक छोटी वही बांधावी आणि प्रत्येक वेळी त्यात तारीख, किलोमीटर आणि ओतलेले मिलिलिटर लिहावेत. तीन नोंदी झाल्या, की ती वही घेऊन गॅरेजमध्ये जावे.